डॉ. रा. चिं. ढेरे : आपल्या देव्हाऱ्याचा अभ्यास

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या सहयोगिनी. दर वेळी आम्ही हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज यावर बोलतो. आज ती वही मिटून एका अभ्यासकाबद्दल सांगणार आहोत. त्यांचं नाव डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे. पुस्तकांवर 'रा. चिं. ढेरे' असं छापलेलं असतं. आपल्याच पुणे जिल्ह्यातले, मावळातल्या निगडे गावचे. जन्म २१ जुलै १९३०, निधन १ जुलै २०१६. त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. ती कशावर, तर आपण ज्यांना नवस बोलतो, ज्यांची ओटी भरतो, ज्यांच्या नावानं जागरण-गोंधळ घालतो, त्या देवांवर.

आता तुम्ही म्हणाल, देवांवर तर कीर्तनकार महाराजही बोलतात. फरक आहे. महाराज देवाचं माहात्म्य सांगतात. ढेरे विचारायचे, हा देव इथं आधी कोणाचा होता? त्याच्याबरोबर कोण आलं? नैवेद्याला हेच का लागतं? गाणं म्हणणारा गोंधळी कुठून आला? आणि उत्तर शोधायला ते जुन्या पोथ्या, शिलालेख जसे वाचायचे, तशीच बायकांची गाणी आणि गावोगावच्या चालीरीतीही पुरावा म्हणून तपासायचे. आम्हाला ते जवळचे वाटले ते यामुळेच. आपल्या सासवा-आज्यांनी जे केलं ते 'बायकांचं काहीतरी' म्हणून त्यांनी बाजूला टाकलं नाही.

त्यांचं आयुष्य सोपं नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले. आजीनं आणि मामांनी वाढवलं. चौदा वर्षांचे असताना मावळ सोडून पुण्यात आले. दिवसा काम आणि रात्री शाळा, असं शिक्षण. गटातल्या ज्या मैत्रिणींनी मुलं मोठी झाल्यावर दहावीचा फॉर्म भरला, त्यांनी पुढचं नीट ऐका. दत्त संप्रदायाचा आणि नाथ संप्रदायाचा इतिहास ही त्यांची नावाजलेली पुस्तकं तिशीच्या आतली आहेत, आणि बी.ए.ची पदवी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळाली. पुढं पुणे विद्यापीठानं १९७५ साली पीएच.डी. आणि १९८० साली डी.लिट. दिली. म्हणजे विद्वान आधी झाले आणि कागद मागून आले. घर बहुतेक लेखणीवरच चाललं. पुस्तकांवर चालणारं घर म्हणजे काय, हे त्या घरातल्या बाईला विचारावं. त्या घरात पुस्तकं मात्र हजारोंनी जमली. त्यांची मुलगी अरुणा ढेरे मोठ्या कवयित्री झाल्या. २०१९ साली यवतमाळला झालेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. १९८४ साली आलं आणि १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस या अमेरिकेतल्या धर्म-अभ्यासक बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २०११ साली निघालं. या पुस्तकात ढेरे म्हणतात, आपला विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव. मेंढरं, गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांचा. कोल्हापूरकडं पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरोबा आजही जोडीनं पुजले जातात, ही खूण त्यांनी धरली. रखुमाई रुसून दिंडीरवनात गेली, ही आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्टही त्यांनी नुसती गोष्ट म्हणून सोडली नाही, तिच्यात जुनं काय उरलंय ते पाहिलं. मग या देवाभोवती वैष्णव आले, शैव आले, संत आले, आणि सगळ्यांना पोटात घेणारं दैवत तयार झालं. पुस्तकाच्या नावातल्या 'महासमन्वय' या जड शब्दाचा अर्थ एवढाच.

तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून आपल्या दारातून जाते. यवतला पिठलं-भाकरी करताना कोण कुणाच्या शेजारी बसून भाकरी थापतंय हे कुणी बघत नाही. म्हणून आम्हाला वाटलं, हे पुस्तक दौंडकडच्या एका गटात सांगावं. सांगितलं, तर बैठक तापली. एक आजी म्हणाल्या, "इठोबा काय शाळेतला धडा हाय का तपासायला?" त्यांचा राग खोटा नव्हता. पन्नास वर्षं वारी केलेली बाई ती. पण कोपऱ्यातून आमची एक धनगर मैत्रीण बोलली, "आमच्या बिरोबाचा जोडीदार हाय म्हणता ना, मग पंगतीला आमाला कडंला का बशिवत्यात?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आजींनीच मग तिला जवळ बोलावून घेतलं आणि बिरोबाचं गाणं येतं का म्हणून विचारलं. तिला येत होतं. तेरा मिनिटं म्हणाली, आम्ही मोबाइलवर धरून ठेवलंय.

आता दुसरं पुस्तक, 'लज्जागौरी', १९७८ सालचं. हे सांगताना आमच्यातल्या काही जणी संकोचल्या, पण सांगायलाच हवं. जुन्या काळात एका देवीच्या मूर्ती घडवत. तिला मस्तक नसतं, मस्तकाच्या जागी कमळ असतं, आणि ती बाळंत होताना बाई बसते तशी बसलेली असते. तेलंगणात आलमपूरला, कर्नाटकात बदामीकडं, आपल्याकडं तेरला अशा मूर्ती सापडल्या. लोक त्या बघून लाजले, कुणी नावं ठेवली. ढेरेंनी सांगितलं की ही जन्म देणारी भूमी आहे. रेणुका, यल्लम्मा यांचं नातं त्यांनी या मातेशी जोडलं. 'रेणू' म्हणजे मातीचा कण. वारूळ हे तिचं रूप. गोव्यात सांतेरी वारुळातच पुजतात. नागपंचमीला आपण वारुळाला जातो, नवरात्रात पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरतो आणि मधोमध घट ठेवतो. हे पुस्तक वाचल्यावर त्या मातीकडं बघायची आमची तरी नजर बदलली.

आणि शिरूरकर मैत्रिणींनो, यासाठी लांब जायला नको. घोडनदीच्या काठावरचं आपलं इनामगाव माहीत आहे ना? डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं १९६८पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपेक्षा जुन्या एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी निघाली. पेटीत कच्च्या मातीची एक बाई, तिला मस्तक नाही, आणि सोबत एक बैल. कुणी पुरून ठेवली, काय मागितलं असेल तिच्याकडं, कोण जाणे. पण शेती करणारं घर होतं, एवढं नक्की.

यावरून आमच्या बैठकीत जो विषय निघाला तो ढेरेंच्या पुस्तकातला नाही, आमचा आहे. गटातल्या एका ताईंचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून घरचा घट जाऊबाईंच्या हातून बसतो. ताईंनी मातीला हात लावायचा नाही. वावर मात्र ताईच पेरतात. बाजरीही त्यांनीच पेरली, कांद्याचं रोपही त्यांनीच टाकलं. ते चालतं. ताई एवढंच म्हणाल्या, "शेतातली माती येगळी आन् घटातली येगळी का?"

सौंदत्तीच्या यल्लम्माचं तुम्हाला ठाऊक असेल. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवी विधवा होते, तिच्या जोगतिणींच्या बांगड्या फोडतात. त्या पुनवेला रांडाव पुनवच म्हणतात. मग माघी पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. मधल्या दोन महिन्यांत तिला कुणी देव्हाऱ्यातून उठवत नाही, तिची पूजा बंद पडत नाही. देवीला जे चालतं ते आमच्या ताईंना का चालू नये, यावर गटात दोन तट आहेत. सासूबाईंचं म्हणणंही आम्ही ऐकलं. घरात आधीच एक मरण झालंय, अजून काही वाईट व्हायला नको, ही त्यांची भीती आहे. तिला हसून चालणार नाही.

सध्या ठरलंय ते असं. या नवरात्रात ग्रामसंघाच्या खोलीत गटाचा एक घट बसवायचा आणि माती ताईंनी पसरायची. चौदा जणींपैकी नऊ जणी तयार आहेत, तिघी नाही म्हणाल्या, दोघींनी घरी विचारून सांगते म्हटलंय. त्याआधी, येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता, त्याच खोलीत 'लज्जागौरी'तलं एक प्रकरण वाचणार आहोत. भाषा अवघड आहे, म्हणून दोघी आळीपाळीनं वाचतील आणि थांबून सांगतील. नाही म्हणालेल्या तिघींनाही बोलावलंय, आणि सासूबाईंनाही.