वादळाची तयारी : हात कोणाचे, निर्णय कोणाचा?

(रायगड जिल्ह्यातील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातल्या माझ्या घरात होते. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. कौले उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. ते काही तास सगळ्यांच्याच लक्षात आहेत. मला बोलायचे आहे ते आदल्या दिवसाबद्दल आणि नंतरच्या महिन्याबद्दल.

वादळ येणार हे कळले होते. पाणी कोणी भरले? तांदूळ, काडेपेटी, औषधे उंचावर कोणी ठेवली? आपणच. पण घर सोडून शाळेत जायचे की नाही, हे कोणी ठरवले? माझ्या शेजारणीचे घर पत्र्याचे, सासू अंथरुणाला खिळलेली. तिला जायचे होते. नवरा म्हणाला, "काही होत नाही, वारा येतो नि जातो." पत्रे उडाले. मध्येच वारा पडला, तेवढ्यात तिने आणि मुलीने सासूला चादरीत घालून आमच्याकडे आणले. त्या आत आल्या आणि वारा उलट दिशेने सुटला. वादळाचा मध्य वरून जाताना अशी शांतता पडते. ती फसवी असते, तेव्हा बाहेर पडू नये. त्या वाचल्या, हे नशीब.

ही एका घरची गोष्ट नाही. बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. अनेकजणी घरच्या पुरुषाच्या होकाराची वाट पाहत राहिल्या. निवाऱ्यात आडोसा नाही, म्हणूनही बायका गेल्या नाहीत. तेव्हा आपल्या गावच्या निवाऱ्यात बायकांना वेगळी खोली, संडास आणि आतून कडी आहे का, हे मे महिन्यातच ग्रामसभेत विचारा.

आमच्याकडे महिन्याहून अधिक काळ वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, गिरणी नाही. पाण्याचे हंडे पुन्हा आपल्या डोक्यावर आले. विहिरीत पाचोळा पडलेला, म्हणून पाणी उकळायचे कामही आपलेच.

त्या महिन्यात शिकलेल्या गोष्टी सांगते. वारा सुटण्याआधी मेन स्विच बंद करा. पडलेल्या तारेला, तिला टेकलेल्या फांदीला किंवा कुंपणालाही हात लावू नका. तार मेलेली आहे असे कधीच धरून चालू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब ठेवा. तो घरच्या वायरिंगला परस्पर जोडला, तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी. रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, औषधाची चिठ्ठी आणि पाळीचे कापड एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आता शेवटचा मुद्दा. वादळानंतर पंचनामे झाले. घर ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात. आमच्या मंडळातली एक परित्यक्ता पंधरा वर्षे ज्या घरात राहिली, जे तिने स्वतः शाकारले, ते कागदावर भावाचे होते. तिला कौलांचेही पैसे मिळाले नाहीत. म्हणून घरपट्टीच्या उताऱ्यावर बाईचे नाव लावणे, हीसुद्धा वादळाची तयारीच आहे. ती आभाळ भरून आल्यावर होत नाही.

आपल्या वाडीत एकटी बाई कोण, गरोदर कोण, अंथरुणावर कोण, याची यादी पावसाआधी मंडळाने करावी. कोणाला कोण नेणार हेही लिहावे. मग निघायची वेळ आली की दारात उभी राहून एकटीने परवानगी मागायला नको. दहाजणी मिळून हाक मारू, "चल, निघायचंय."