उसाबरोबर माहितीचेही मोजमाप व्हावे

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील सहकारी साखर कारखान्यांचे सभासद, संचालक आणि कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सहकारी संस्थेच्या हिशेबाची तपासणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 अन्वये दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि त्याचा अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जातो. या तपासणीत रुपयाचा माग काढला जातो. परंतु ज्या माहितीच्या आधारे तो रुपया ठरतो, ती माहिती कोण गोळा करतो, ती कोणत्या वहीत उतरते, कोणाला वेळेवर मिळते आणि कोणाला मिळतच नाही, याचा शोध क्वचितच घेतला जातो. अशा शोधाला माहितीचे लेखापरीक्षण म्हणता येईल. परदेशांतील मोठ्या उद्योगांत आणि ग्रंथालयशास्त्रात या विषयाचा पद्धतशीर विचार पूर्वीच सुरू झाला. आपल्या ऊसपट्ट्यात त्याची गरज किती आहे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

कालव्यापासून कारखान्यापर्यंत

हा विचार आपल्या भागाला अगदीच नवा नाही. नीरा डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्याला पाण्याच्या पाळीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाळीपत्रकात आपला क्रम कितवा, पाणी कोणत्या दिवशी येणार, हे आधी कळले तर मशागत, खत आणि मजूर यांची जुळणी करता येते. ते न कळल्यास कालवा भरून वाहत असला तरी शेजारचे रान भिजते आणि आपले कोरडे राहते. पाणी आणि पाण्याविषयीची माहिती या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला सारख्याच लागतात.

साखर धंद्यात या प्रश्नाचे स्वरूप काळाबरोबर बदलत गेले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना 1930 च्या दशकात उभा राहिला, तेव्हा ऊस कंपनीच्या मळ्यात पिकत असे. लागणीची तारीख, तोडणीचा क्रम, गाळप आणि विक्री ही सर्व माहिती एकाच व्यवस्थापनाच्या हाती होती. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, 1963 मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि कंपन्यांच्या मळ्यांची व्यवस्था बदलली. दरम्यान माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. कालांतराने बिजवडी आणि शहाजीनगर येथेही कारखाने निघाले. सहकारात मालकी हजारो सभासदांत वाटली गेली. त्या मानाने माहितीची वाटणी किती झाली, हा प्रश्न प्रत्येक सहकारी संस्थेने स्वतःला विचारावयास हवा. भागाचा दाखला घरी असला, पण आपल्या उसाची नोंद कशी झाली हे ठाऊक नसले, तर ती मालकी अपुरीच राहते.

एका खेपेचा प्रवास

एका खेपेची माहिती किती हातांतून जाते ते पाहा. प्रथम गट कार्यालयात लागणीची नोंद होते. गट क्रमांक, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, हे सर्व त्यात येते. त्या नोंदीवरून शेतकी विभाग तोडणीचा कार्यक्रम आखतो. तोड आल्यावर फडात चिठ्ठी फाडली जाते. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या वाहनाचे आणि पुढे रिकाम्या वाहनाचे वजन होते. ते वजन संगणकातून लेखा विभागाकडे जाते, तेथे तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि अन्य कपाती होतात व शेवटी बँकेच्या खात्यावर रक्कम जमा होते.

या साखळीतील पहिलीच कडी सर्वांत नाजूक आहे. आडसाली ऊस साधारणतः जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीस येतो. लागणीच्या तारखेची नोंद चुकली अथवा मागेपुढे झाली, तर एकाची तोड लवकर येते आणि दुसऱ्याचा पक्व ऊस फडात उभा राहतो. तुरा येतो, ऊस पोकळ पडू लागतो, वजन घटते. शिवाय खोडव्याची मशागत किंवा पुढचे पीकही लांबते. या नुकसानीची नोंद ताळेबंदात कोठेही होत नाही, कारण संस्थेच्या दृष्टीने ऊस आला आणि गाळला गेला. नुकसान एका कुटुंबाचे होते. त्याचे मूळ मात्र गट कार्यालयातील वहीच्या एका ओळीत असते.

दशांश चिन्हानंतरचा आकडा

दुसरे उदाहरण उताऱ्याचे. ऊस नियंत्रण आदेश 1966 अन्वये उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र शासनाने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्यास 3 रुपये 46 पैसे असा दर ठरविला. म्हणजे उताऱ्यातील दशांश चिन्हानंतरच्या एका अंकाचे मोल टनाला 34 रुपये 60 पैसे होते. पन्नास टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक 1,730 रुपयांचा आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात तोच फरक 3 कोटी 46 लाख रुपयांचा होतो.

हा अंक प्रयोगशाळेतील नोंदी, साखरेचे उत्पादन आणि गाळपाचे वजन यांच्यातून निघतो. अलीकडे उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळविली जाते. त्यामुळे पोत्यांत दिसणारी साखर कमी होते. वळविलेल्या साखरेचा हिशेब उताऱ्यात मिळविल्याखेरीज खरा उतारा कळत नाही. हा हिशेब क्लिष्ट आहे, हे मान्य. तथापि क्लिष्ट हिशेब साध्या भाषेत सभासदापुढे मांडणे, हे संस्थेचे कर्तव्यच आहे.

तपासणी कशी करावी?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. पाच पायऱ्या पुरेशा आहेत.

पहिली पायरी यादीची. कारखान्यात किती वह्या, नोंदपत्रके आणि संगणकीय नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण लिहितो आणि कोण वाचतो, हे विभागवार लिहून काढावे. कोणीच वाचत नाही अशा काही नोंदी यातून निघतील, आणि ज्यांची सर्वांना गरज आहे पण ज्या कोणीच ठेवीत नाही अशाही निघतील.

दुसरी पायरी मागोव्याची. हंगामातील शंभर वजन-पावत्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. प्रत्येक पावती मागे लागणीच्या नोंदीपर्यंत आणि पुढे बँकेतील जमेपर्यंत तपासावी. क्षेत्र, तारीख, वजन आणि रक्कम प्रत्येक टप्प्यावर जुळते काय, ते पाहावे. जेथे जुळत नाही, तेथे हेतूविषयी तर्क करण्याआधी पद्धतीतील दोष शोधावा.

तिसरी पायरी वेळेची. माहिती खरी असूनही उशिरा आली तर तिचा उपयोग संपतो. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे आणि विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के दराने व्याज देणे, असे नियंत्रण आदेश सांगतो. वजन काट्यावरून लेखा विभागात किती दिवसांनी पोचते, हे मोजल्याशिवाय विलंब कोठे झाला ते समजणार नाही.

चौथी पायरी वाटपाची. कोणाला काय कळावे, याचे लेखी धोरण असावे. तोडणीचा क्रम प्रत्येक गट कार्यालयाच्या फलकावर लावावा. वैधमापन विभागाने काट्याची तपासणी केव्हा केली, ती तारीख काट्याजवळच दिसावी. कपातीचा तपशील सभासदाला पैसे जमा होण्यापूर्वी मिळावा. उलटपक्षी सभासदाचा बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि कर्जाचा तपशील ही माहिती फलकावर लावण्याची नव्हे. तिचे संरक्षण झाले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 चा आशयही हाच आहे.

पाचवी पायरी जतनाची. संगणकातील नोंदीत बदल झाला तर तो कोणी, केव्हा व कोणाच्या आदेशाने केला, याची खूण मागे राहावी. कागदावरील खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील खाडाखोड मुद्दाम व्यवस्था केल्याशिवाय दिसत नाही.

सभासदाचा हक्क

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 ने सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभांची व समितीच्या सभांची इतिवृत्ते आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिला आहे. शुल्क भरून नकला मागितल्यास एका महिन्यात त्या दिल्या पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा मात्र प्रत्येक सहकारी संस्थेस थेट लागू होत नाही. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य नसलेली संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2013 मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले. तथापि निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती त्यांच्यामार्फत मिळविण्याचा मार्ग खुला आहे.

पण मालकाने आपल्याच संस्थेतील माहितीसाठी अर्जामागून अर्ज करावेत, हे सहकाराला शोभणारे नाही. मागण्यापूर्वीच मिळालेली माहिती विश्वास वाढविते. मागूनही न मिळालेली माहिती अफवेला जन्म देते, आणि पारावर सुरू झालेली अफवा सभेतील खुलाशापेक्षा वेगाने गावोगाव पोचते. कर्मचाऱ्यांनीही या तपासणीकडे संशयाचा पंचनामा म्हणून पाहू नये. नोंद स्वच्छ असली की प्रामाणिक लेखनिकावर विनाकारण आळ येत नाही. त्याचे पहिले संरक्षण ती नोंदच असते.

हंगामापूर्वीचे एक काम

हंगामापूर्वी कारखान्यात यंत्रसामग्रीची दुरुस्ती होते. मिलचे रोलर पाहिले जातात, बॉयलरची तपासणी होते, काटा पारखला जातो. त्याच काळात माहितीच्या वाटाही तपासून दुरुस्त कराव्यात. संचालक मंडळाने दोन कर्मचारी, एक बाहेरचा जाणकार आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील दोन सभासद यांची छोटी समिती नेमावी. शेवटच्या टोकाचे सभासद मुद्दाम सुचवितो, कारण पाणी असो की माहिती, ती कोठे मुरते हे त्यांना सर्वांत आधी जाणवते. समितीचा अहवाल दोन-तीन पानांचा असला तरी चालेल. मात्र तो वार्षिक सभेत मराठीत, मोठ्याने वाचला जावा.

आपल्या वडीलधाऱ्यांनी भागभांडवल गोळा करून माळावर धुराडी उभी केली. ते कष्टाचे काम होते आणि ते त्यांनी पार पाडले. त्या धुराड्याखाली काय लिहिले जाते, हे प्रत्येक सभासदाला वाचता येईल अशी व्यवस्था करणे, हे आपल्या पिढीकडे आलेले काम आहे. येत्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी आपण त्याला हात घालावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.