होडीच्या टाकीत साचणारं पाणी

१ जून ते ३१ जुलै, पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पण आउटबोर्ड इंजिनच्या टाकीत उरलेल्या पेट्रोलचं काय?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धवट भरलेल्या टाकीत आषाढाची दमट हवा शिरते, आतून दव धरतं आणि ते पाणी पेट्रोलमध्ये मुरत राहतं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासकट तळाशी बसतं. इंजिनची नळी नेमकी तळातूनच ओढते! टू-स्ट्रोक इंजिनला तर मोठाच धोका, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं आणि पिस्टन कोरडा पडतो.

ओळखायचं कसं? टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, जरा स्थिर राहू द्या आणि उजेडात धरा. मध्ये रेघ दिसली, तर ते वापरू नका. ढवळून ते पुन्हा नीट होत नाही.

होडी वर घेताना टाकी रिकामी करा. इंजिनला थंडाव्याचं पाणी चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा आणि ते आपसूक बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पाणी वेगळं करणारा फिल्टर जरूर बसवा. भर समुद्रात बंद पडलेलं इंजिन म्हणजे जिवाशी गाठ. जुन्या रबरी नळ्याही दाबून पाहा; फुगलेली, चिकट किंवा तडे गेलेली नळी नारळी पौर्णिमेआधीच बदला.