दागिना गहाण, पुस्तक घरात

कामं उरकली नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं पुस्तकवेड सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते शाळेत होते तेव्हा पुस्तकाला पैसा कुठून यायचा? वडील, रामजी सुभेदार, पेन्शनीवर होते. हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडं जायचे. लेकीकडंही पैसे नसले तर ती एखादा दागिना काढून द्यायची. तो गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं. पेन्शन आली की दागिना सोडवायचा.

शाळकरी वयातच केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते मनाला फार भिडलं, असं बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका पुस्तकानंच हे घडलं असं आम्ही म्हणत नाही. मध्ये आयुष्यभराचा अभ्यास होता, सोसणं होतं. पण बी लहानपणी पडलं होतं.

आणि मुली? फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली, चौदाव्या वर्षी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वाचायला मिळालं म्हणून तिला आपलं दुःख मांडता आलं.

आजही बऱ्याच घरांत पोरीनं पुस्तक उघडलं की हाक येते, “ठेव ते, आधी भांडी घास.” पोराला ही हाक जात नाही. भांडी दोघांनी घासावीत, पुस्तकही दोघांनी वाचावं.

आता दागिना मोडायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असतात. पुढच्या बैठकीत विचारा: पुस्तकं कपाटात कुलपात आहेत की पोरांच्या हातात? घरी न्यायला मिळतात का?

आपल्यातल्या काहींना वाचता येत नाही. त्यानं अडत नाही. भाकरी थापताना लेकीला म्हणावं, “मोठ्यानं वाच गं, मलाही ऐकू दे.” आई ऐकतेय म्हटल्यावर पोर जास्त वाचते.

बचत गटाच्या वहीत पैसा जमा होतो. येत्या महिन्यात तिथंच एक रकाना वाढवूया: कुणाच्या लेकीनं कोणतं पुस्तक वाचलं?