लाइन तुटली तरी पावती फाटली पाहिजे

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज समोर खत-बियाण्यांचे दुकानदार आहेत, मिरचीचे व्यापारी आहेत, विकास सोसायट्यांचे गटसचिव आहेत. म्हणून शाखांचं जाळं आणि सर्व्हर या विषयाला मी आपल्या शहादा तालुक्यापासूनच हात घालतो.

२९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना देण्यात आला. हा सोहळा नंदुरबार जिल्ह्याला पाठ आहे. पण त्या योजनेच्या रचनेतला एक निर्णय फारसा कुणी सांगत नाही आणि मला तो सोहळ्याहून मोठा वाटतो. नोंदणीच्या लॅपटॉपला त्या क्षणी इंटरनेट लागत नव्हतं. बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा, नाव, पत्ता हे सगळं त्याच यंत्रावर सांकेतिक कुलपात बंद होऊन साठायचं आणि नंतर सवडीनं मध्यवर्ती केंद्राकडे जायचं. एकाच माणसाची दोनदा नोंद झाली आहे का, ही तपासणी मात्र केंद्रातच व्हायची, कारण ती दुसरीकडे होऊच शकत नाही. म्हणजे कोणतं काम गावात उरकायचं आणि कोणतं केंद्रावर सोपवायचं, याची वाटणी आधी झाली होती. यंत्रं त्यानंतर आली.

पुढे रेशन दुकानात ई-पॉस आलं. २०१८ पर्यंत अनुदानित खताची विक्रीही देशभर पॉस यंत्रावरून सुरू झाली. तिथे अंगठा टेकवला की दूरच्या सर्व्हरचं उत्तर त्याच क्षणी यावं लागतं. माणूस तोच, ठसाही तोच, पण लाइन नसली की रांग जागच्या जागी थांबते. मृगाच्या तोंडावर वादळी पावसानं तार तुटते आणि नेमकी तेव्हाच खताला गर्दी असते, हे तुमच्याइतकं कोण जाणतं?

सरकारी यंत्राचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. पण आपल्या स्वतःच्या बिलिंगचं, साठ्याचं, उधारीच्या खात्याचं जाळं आपण आखतो, आणि तिथे तरी ही वाटणी आपल्याला करता येते.

नमुन्यादाखल एक पेढी धरू. मुख्य कार्यालय आणि मोठं गोदाम नंदुरबारला. दुकानं शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावला. शहाद्याची उलाढाल सर्वांत मोठी, धडगावला दोन संगणक आणि तीन माणसं. आता विक्रेता येतो आणि सांगतो की नंदुरबारला मोठा सर्व्हर घ्या, शहाद्याला मध्यम घ्या, धडगावला काही नको, ती शाखा नेटवर चालेल. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. मी याच्या नेमकं उलटं सांगतो.

शहादा सपाटीवर आहे. तिथे एकाहून अधिक कंपन्यांची फायबर मिळते आणि बिघाड झाला तर माणूस लवकर पोहोचतो. शहाद्याची चार-सहा यंत्रं थेट नंदुरबारच्या सर्व्हरवर चालली तरी चालेल. धडगाव सातपुड्याच्या कुशीत. तळोद्याकडून वर जाणाऱ्या चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की वाटच बंद होते, मग दुरुस्तीचा माणूस जाणार कुठून? सपाटीवर तासांत सुटणारी अडचण तिथे दिवसांवर जाते. म्हणून स्वतःचा सर्व्हर सगळ्यांत आधी लागतो तो या सर्वांत लहान शाखेला. शाखेला सर्व्हर द्यायचा की नाही हे तिच्या गल्ल्यावरून ठरवू नका. लाइन गेली तर किती वेळ जाते आणि तेवढा वेळ दुकान थांबू शकतं का, यावरून ठरवा.

धडगावचा सर्व्हर म्हणजे गारेगार खोलीतलं कपाट नव्हे. एक साधा, चांगल्या प्रतीचा संगणक, त्यात एकमेकीची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क आणि जोडीला यूपीएस, एवढं पुरतं. त्याच्यावर त्या शाखेपुरती माहिती राहील आणि लाइन आली की तो नंदुरबारशी हिशेब जुळवून घेईल.

इथेच खरा विचार लागतो, आणि बहुतेक जण इथे घाई करतात. दोन ठिकाणी एकच माहिती बदलू लागली की गोंधळ होणारच. मग कोणती माहिती कोण बदलतं, हे एकेक करून पाहा. धडगावच्या गोदामातली युरियाची पोती धडगावच विकतं, त्यामुळे त्या साठ्याची मालकी धडगावच्या यंत्राकडे द्या. नंदुरबारनं तो आकडा फक्त वाचायचा. भाव उलट दिशेनं येतात. ते नंदुरबार ठरवतं, शाखेनं फक्त वाचायचे. ही दोन्ही कामं दुतर्फा भांडणाशिवाय चालतात. अडतं ते उधारीवर. मोलगीकडचा शेतकरी अक्कलकुव्यालाही माल घेतो, धडगावलाही घेतो. लाइन नसताना त्याची एकूण बाकी किती, हे दोन्ही दुकानांना कळत नाही. याला सॉफ्टवेअरमध्ये जादू नाही. मालकानं आधीच ठरवावं लागतं की लाइन नसताना एका गिऱ्हाइकाला अमुक रकमेपर्यंतच उधार द्यायचं, त्यावर रोख किंवा फोनवरून परवानगी. हा निर्णय धंद्याचा आहे. संगणकवाल्यानं तो तुमच्या वतीनं घेऊ नये आणि तुम्हीही तो त्याच्यावर ढकलू नये.

बिलाच्या क्रमांकाचंही असंच. सगळ्या शाखांना मिळून एकच क्रम ठेवला, तर प्रत्येक बिलासाठी नंदुरबारला विचारावं लागेल आणि लाइन गेली की दुकान मुकं होईल. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये सोय आहे. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा, सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको, पण मालिका एकापेक्षा जास्त ठेवता येतात. धडगावची मालिका वेगळी, शहाद्याची वेगळी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला शाखेची खूण. एवढ्या एका ठरावानं निम्मं परावलंबन संपतं.

आपला जिल्हा दोन राज्यांना चिकटलेला आहे. शहाद्याचा व्यापारी उद्या मध्य प्रदेशात खेतियाला दुकान टाकेल, नवापूरचा गुजरातेत उच्छलला. राज्य बदललं की जीएसटी नोंदणी वेगळी, आणि नंदुरबारहून तिथे पाठवलेल्या मालाचंही कराचं बिल करावं लागतं. तेव्हा शाखांचा आराखडा काढताना हिशेबनिसाला पहिल्या दिवशीच शेजारी बसवा. तारा ओढून झाल्यावर त्याला बोलावणं महागात पडतं.

एक इशारा कळकळीनं देतो. आपल्याकडे बहुतेक पेढ्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहेत. मुख्य कार्यालयातला टॅलीचा फोल्डर शाखेतून नेटवरून थेट उघडायचा, हा सोपा मार्ग सुचवला जातो. तो धरू नका. अशा वेळी एका नोंदीसाठी दोन टोकांमध्ये असंख्य लहान निरोप जातात-येतात, दुकानातलं यंत्र खुरडत चालतं आणि लिहिण्याच्या मध्येच लाइन तुटली तर माहितीची फाइल बिघडू शकते. त्यापेक्षा शाखेतून नंदुरबारच्या यंत्राचा पडदाच दुरून वापरा. काम नंदुरबारलाच होतं, तारेवरून फक्त चित्र आणि कळांचे ठोके जातात. लाइन तुटली तर नोंद तिथेच सुरक्षित राहते. किंवा शाखेत स्वतंत्र कंपनी उघडून दोन्हीकडची माहिती ठरलेल्या वेळी जुळवा. शहाद्याला पहिली रीत, धडगावला दुसरी.

आता लाइनींबद्दल. एक फायबर आणि सोबत मोबाइलचं सिम, अशा दोन लाइनी प्रत्येक शाखेत घ्या आणि एक गेली की दुसरीवर आपोआप वळणारा राउटर बसवा. पण दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा असं धरू नका. तुमची फायबर आणि समोरच्या टॉवरला माहिती पुरवणारी फायबर एकाच रस्त्याच्या कडेनं गेलेली असेल, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. टॉवरची बॅटरीही लाइट बराच वेळ गेली की संपते. म्हणून खरेदीच्या आधी एक वही करा. प्रत्येक शाखेत नेट कधी गेलं, कधी आलं, लाइट कधी गेली, कधी आली, आणि फायबर गेली तेव्हा मोबाइल चालू होता का. महिनाभराची ही वही कोणत्याही कोटेशनपेक्षा जास्त सांगते. ज्या गावांत अजून सिग्नलच नव्हता अशा २४,६८० गावांना फोर-जी पोहोचवायची योजना केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. डोंगरातलं चित्र हळूहळू बदलतं आहे, तेव्हा ही वही दर वर्षी पुन्हा लिहावी.

शाखा एकमेकींना जोडायच्या त्या व्हीपीएननं, म्हणजे खुल्या इंटरनेटमधून काढलेल्या बंदिस्त वाटेनं. यासाठी महागडी पेटी हवीच असं नाही. वायरगार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि साध्या यंत्रावर सुरेख चालतं. अडचण एकच की लहान जोडण्यांना, सिमला तर हमखास, स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. म्हणून नंदुरबारला कायमचा पत्ता विकत घ्या आणि शाखांना आतून बाहेर नंदुरबारला हाक मारू द्या. दुसरं, प्रत्येक राउटर कारखान्यातून सहसा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० अशाच अंतर्गत पत्त्यांवर येतो. पाचही ठिकाणी तेच राहिलं, तर जोडल्यावर कुठला संगणक कुठला, हे जाळ्याला कळत नाही. पहिल्याच दिवशी नंदुरबारला १०.२०.१, शहाद्याला १०.२०.२, तळोद्याला १०.२०.३ असे गट द्या. पाचच ठिकाणं असताना हे तासाभराचं काम आहे.

आणि सर्व्हरचा पडदा दुरून पाहण्याचं दार उघड्या इंटरनेटवर कधीही सोडू नका. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे अशी उघडी दारंच शोधत फिरतात. आधी व्हीपीएन, मगच आत प्रवेश.

विजेचा प्रश्न सर्व्हरहून मोठा आहे. आपला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. यूपीएसची शिशाची बॅटरी पंचवीस अंशांच्या आसपास जेवढी टिकते, तेवढी पस्तिशीला टिकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात दगा देते, ती म्हणूनच. त्यात मिरची. नंदुरबारात मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात त्या दिवसांत हवेत जी बारीक भुकटी तरंगते, ती सर्व्हरच्या पंख्यात आणि जाळीत जाऊन बसते, आणि यंत्र आतून तापतं. सर्व्हर गोदामात ठेवू नका, आडतीच्या ओट्यालगतही नको. आतली, सावलीची, बंद दाराची खोली निवडा, अर्थिंग तपासून घ्या आणि हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करायचं काम एका माणसाच्या नावावर टाका.

बॅकअप तीन जागी हवा. एक त्याच यंत्राच्या जोडीला, एक त्या इमारतीबाहेर, आणि एक असा जो एरवी कशालाच जोडलेला नसतो, कारण जोडलेली प्रत खंडणीखोर आधी संपवतो. पेढी कंपनी म्हणून नोंदवलेली असेल, तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या-आस्थापनांना सायबर हल्ल्याची खबर कळल्यापासून ६ तासांत द्यावी लागते, संगणक-यंत्रणेच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवावी लागतात. घड्याळांचं कलम मला विशेष उपयोगी वाटतं. लाइन नसताना दोन शाखांनी केलेल्या नोंदींत आधीची कोणती, हे नंतर फक्त वेळेवरून ठरतं.

खर्चाचा क्रम विचाराल, तर पहिले पैसे वीज आणि अर्थिंगवर, मग दुसऱ्या लाइनीवर, मग बॅकअपवर, आणि उरतील त्यांत सर्व्हर. शिवाय प्रत्येक शाखेत एक माणूस तयार करा. आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनातून शिकून निघालेली पोरं सुरत, पुण्याला जातात. धडगावच्या दुकानात गिऱ्हाइकाशी पावरी बोलीत बोलणारं आणि राउटर बदलू शकणारं एक पोरगं असेल, तर त्याला नीट पगार द्या. घाट बंद असतो तेव्हा पलीकडे तेच असतं. त्याच्यासाठी जाळ्याचा नकाशा, प्रत्येक यंत्राचा पत्ता आणि बिघाड झाल्यावर करायच्या गोष्टी मराठीत कागदावर छापून सर्व्हरशेजारी लावा. पासवर्ड त्या कागदावर नकोत, ते मालकाच्या तिजोरीत बंद पाकिटात ठेवा. आणि पेरणीची गर्दी सुरू व्हायच्या आत, दुकान चालू असताना, धडगावची लाइन मुद्दाम अर्धा दिवस काढून ठेवा. काय काय अडतं ते तेव्हाच टिपून घ्या, जूनच्या आधी दुरुस्त करायला वेळ राहील.