साथीचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



आजारी माणूस दवाखान्यात आला म्हणजे डॉक्टर विचारतो, याला काय झाले आहे? साथरोगशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. ते विचारते, हा रोग कोणाला झाला, कोठे झाला, केव्हा झाला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेजारच्या कोणाला झाला नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत सापडू शकेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र वस्तीत, नळावर, रेशनच्या दुकानात आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शोधावे लागते. म्हणूनच हे शास्त्र केवळ वैद्यांचे नव्हे, ते राजकीय कार्यकर्त्याचेही आहे, असे माझे म्हणणे आहे.

1854 साली लंडनमध्ये पटकीची मोठी साथ होती. पटकी दूषित हवेने होते, असा त्या काळच्या बहुसंख्य वैद्यांचा समज होता. जॉन स्नो या डॉक्टरला संशय होता पाण्याचा. दक्षिण लंडनच्या कित्येक गल्ल्यांतून दोन खाजगी कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी गेले होते. लॅम्बेथ कंपनीने 1852 साली आपले पाणी थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापलीकडून उचलण्यास सुरुवात केली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही दुसरी कंपनी मात्र शहराची घाण मिसळलेले पाणीच विकत होती. तीच गल्ली, तीच हवा, तशीच माणसे. फरक फक्त पाण्याचा. स्नोने घरोघर चौकशी करून हिशेब मांडला. साथीच्या पहिल्या 7 आठवड्यांत व्हॉक्सहॉलच्या 40,046 घरांत 1,263 मृत्यू झाले, तर लॅम्बेथच्या 26,107 घरांत 98. म्हणजे दर 10,000 घरांमागे एकीकडे 315 आणि दुसरीकडे अवघे 37!

या हिशेबात शास्त्राची दोन मूलतत्त्वे आहेत. पहिले, अंशाखाली छेद हवा. समजा, 20,000 वस्तीच्या गावात 20 जणांना कावीळ झाली आणि 400 वस्तीच्या पाड्यावर 6 जणांना. बातमी गावाची येईल, अधिकारी गावात येतील. पण गावात प्रमाण हजारी 1 आहे, पाड्यावर हजारी 15. छेद विसरला की पाडा विसरला जातो. दुसरे, तुलना समानांची हवी. दोन वस्त्यांत दहा गोष्टी वेगळ्या असतील, तर त्यांतली आपल्याला सोयीची एक उचलून तिलाच कारण म्हणणे हा प्रचार झाला, अभ्यास नव्हे. आपणही या मोहापासून सावध राहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू ओळखून दाखवला तो या साथीनंतर सुमारे 30 वर्षांनी. जंतू डोळ्यांना दिसण्यापूर्वीच प्रतिबंध शक्य झाला होता. ‘नेमके कारण अजून सिद्ध व्हायचे आहे’ असे सांगून जे गढूळ पाण्याचा प्रश्न पुढे ढकलतात, त्यांना हे उत्तर आहे.

ही फार जुनी, परदेशातली गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. तर मग मुंबईकडे पाहू. जुलै 2020 मध्ये या शहराच्या तीन प्रभागांत लोकांचे रक्त तपासण्यात आले. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे 57 टक्क्यांना करोनाची बाधा होऊन गेली होती. इतर वस्तीत सुमारे 16 टक्क्यांना. विषाणू तोच, शहर तेच, टाळेबंदीचा हुकूमही तोच. पण दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात आणि शौचालय सामायिक असते, तेथे ‘अंतर राखा’ हा उपदेश कोणी कसा पाळावा?

प्रतिबंधाचे तत्त्व वरकरणी सोपे आहे. रोगाचा उगम, त्याचा प्रवासाचा मार्ग आणि ज्याला तो गाठतो ते शरीर, या साखळीची एक कडी तोडायची. लस हे शरीराच्या कडीवरचे हत्यार. परंतु लसही केवळ खाजगी चिलखत नाही. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरातली सुमारे 95 माणसे सुरक्षित असतील तरच साथ थांबते. लस टोचण्याच्या वयाचे न झालेले तान्हे मूल वाचते ते इतरांनी टोचून घेतल्यामुळे. परस्परावलंबनाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

पण नुसते हत्यार असून भागत नाही. मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली 1802 साली; देवीचा रोग देशातून गेला 1975 साली. मधली 173 वर्षे लस होती; गावोगाव रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या माणसांना तत्काळ लस टोचणारी संघटना नव्हती. ती उभी राहिली तेव्हाच देवी हटली.

संघटना म्हणजे दडपशाही नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडसाहेबाने घरांत सोल्जर घुसवले. परिणामी लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला की हिशेब चुकतो, आणि हिशेब चुकला की साथ मोकाट सुटते. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याच्या घराकडे जाण्याचे हे दोन मार्ग आहेत. लोकांनी दार कोणासाठी उघडले असेल, हे सांगावयास नको.

शेवटचे उदाहरण क्षयाचे. झारखंडच्या 4 जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरांचे दोन गट करण्यात आले. औषधे दोन्हीकडे होती, रुग्णाला शिधाही दोन्हीकडे होता. एका गटात मात्र घरातील इतर सर्व माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सर्वांना शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी राहिले. तांदूळ आणि डाळ हीदेखील प्रतिबंधक औषधे ठरली! मग रेशनकार्डासाठीचा आपला लढा हा आरोग्याचा लढा नव्हे काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. आपल्या वस्तीची एकूण माणसे किती, त्यांपैकी कोणत्या वयाची, कोणते काम करणारी, कोठले पाणी पिणारी माणसे कोणत्या महिन्यात आजारी पडली वा दगावली, हे तीत नोंदवावे. आशाताईंना आणि परिचारिकांना सोबत घ्यावे. त्यांच्या कामाचा मोबदला हाही आपलाच प्रश्न आहे. रोग्याचे नाव मात्र चव्हाट्यावर आणू नये. वर्षअखेरीस ही वही ग्रामसभेत वा प्रभागसभेत उघडावी आणि विचारावे, शेजारच्या वस्तीत जे घडले नाही, ते येथे का घडले?

भाषणे आपण पुष्कळ करतो. हजारी 15 हा आकडा नीट मोजून समोर ठेवला, तर त्याला उत्तर देणे सत्तेला भाषणाहून जड जाते. आपल्या भाषेत रोगाच्या फैलावालाही साथ म्हणतात आणि संकटात सोबत उभे राहण्यालाही. पहिली साथ हटवायची, तर दुसरी द्यावी लागेल. एकमेकांना साथी म्हणवून घेणाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिकच आहे.