गर्दमधून सुटल्यावर पुढं काय?



आपल्या वस्तीत 'गर्दुल्ला' ही शिवी आहे, आणि ती देणारे आपणच आहोत. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी शहरात येऊन आपल्याच गल्लीत आणखी एक वेस घातली. आज त्या वेशीबद्दल बोलायचंय.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद पडले. त्याच वर्षांत ब्राऊन शुगरची पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळू लागली. १९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट शंभरदा कळलीय : सोडणं एक वेळ जमतं, सुटलेलं राहणं अवघड. टर्की आठवडा-दहा दिवसांत उतरते. ओढ वर्षानुवर्षं दबा धरून बसते.

आणि पोरगा सेंटरमधून परत येतो कुठं? त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यावर, बेकार. पन्नी दिसली, जुन्या दोस्तानं हाक मारली की अंग आपोआप जागं होतं. याला नेभळट म्हणणारानं ऐकावं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१ मध्ये घरी परतले. ली रॉबिन्स या बाईंनी त्यांचा माग काढला. बहुतेक जण पुन्हा त्यात अडकले नव्हते. त्यांची जागा बदलली होती. आपल्या पोराला जागा बदलता येत नाही. मग जागेनंच बदललं पाहिजे. जागा म्हणजे तुम्ही-आम्ही.

घसरण पुडीपासून सुरू होत नाही. आधी गोळी चुकते, मग मीटिंग चुकते, झोप उडते, घरात भांडण होतं, आणि मग पोरगा म्हणतो, "एकदाच रे, आता मला जमतं." पगाराचा दिवस, हळदीची रात्र, जयंतीची मिरवणूक, घरातली मयत हे धोक्याचे दिवस. त्या दिवशी एक माणूस त्याच्यासंगं पाहिजे. ओढ चढते तशी ओसरते. तेवढा वेळ टपरीवर चहा पीत काढला तरी एक दिवस जिंकला. "क्वार्टरनं काय होतंय" म्हणणारा मात्र दोस्त नाही, दलाल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण ती काठी करून पोराच्या डोक्यात घालू नका. हात धरून पाळायला लावा.

जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रात मिळते. तिला दुसरी नशा म्हणून हिणवू नका. ती माणसाला कामावर आणि जिवंत ठेवते. डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता कान देऊन ऐका. काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते. पूर्वीचाच डोस मग श्वास थांबवतो. तुरुंगातून किंवा सेंटरमधून आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून सगळ्यात जीवघेणे. अशा वेळी घसरलेल्या पोराला दार बंद केलंत, तर तो लाजेनं एकटा पुलाखाली जाऊन ओढील आणि तिथंच मरंल. ओठ निळे पडले, श्वास मंद झाला तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. जगला तर दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात न्या. एकदा पाय घसरला म्हणून आधीचे महिने वाया जात नाहीत. पोलिसाला भिऊन उपचार टाळू नका. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ, थोड्या मालासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचार पूर्ण करत असंल तर त्याला खटल्यातून सूट देतं.

१९७२ मध्ये आपण काळ्या पँथरांवरून नाव घेतलं. नाव घेतलं, पण काम? नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये यंग लॉर्ड्सच्या पोर्तो रिकन पोरापोरींनी काळ्या कार्यकर्त्यांसोबत लिंकन हॉस्पिटलातली जागा ताब्यात घेतली आणि तिथं व्यसनमुक्तीचं केंद्र चालवलं. त्यांनी आपल्या पोरांना कचरा म्हटलं नाही.

गोदीत जड पेटी एकाच्या पाठीवर देत नाहीत. चौघं हात लावतात. प्रत्येक शाखेनं परतलेल्या एकेका पोरामागं चार माणसं द्यावीत. एकानं काम शोधावं, एकानं दवाखाना सांभाळावा, एकानं घरच्यांशी बोलावं, एकानं रात्री संगं बसावं. आणि शाखेची किल्ली त्या पोराच्या हातात द्यावी. ज्याच्यावर कुणाचाच भरवसा नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायलाच ही चळवळ उभी राहिलीय.

जय भीम!